वाचकांचे प्रश्न : मार्था एकटी का पडली?

प्रार्थना, विश्रांती आणि सेवा यांचा मेळ कसा घालायचा, याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं या अंकात घेतली आहेत. कोणाची ओळख पटू नये म्हणून नावं आणि गावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : मी महिला संघाची चिटणीस आहे. रविवारी संडे स्कूल, बुधवारी घरसभा, शुक्रवारी दवाखान्यात आजाऱ्यांच्या भेटी, आणि घरचं सगळं असतंच. स्वतःच्या प्रार्थनेला आणि शास्त्रवाचनाला शांत समय उरतच नाही. मार्था आणि मरियेवर उपदेश झाला की मी मान खाली घालून बसते. सेवा कमी करू का?

उत्तर : ताई, आजवर ऐकलेले उपदेश थोडे बाजूला ठेवून बायबलमधलं लूक १०:३८–४२ पुन्हा वाचा. येशू घरी आला, मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली आणि पाहुणचार मार्थेवर पडला. "स्वयंपाक का करतेस?" असं येशूने मार्थेला विचारलेलं नाही. त्याने बोट ठेवलं ते तिच्या काळजीवर आणि दगदगीवर. तिची अवस्था सांगताना लूकने जे ग्रीक क्रियापद वापरलं आहे, त्याचा अर्थ चहूबाजूंनी ओढलं जाणं असा होतो. आणि मार्थेची स्वतःची तक्रार काय आहे? बहिणीने मला एकटीला सेवेला टाकलं. या 'एकटीला'वर उपदेशात सहसा कोणी थांबत नाही. आम्हाला मात्र तुमच्या पत्रात तोच शब्द दिसला.

याच घरातली मार्था पुढे योहान ११:२७ मध्ये, भावाच्या मृत्यूनंतर, "तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस" अशी कबुली देते. त्यानंतरच्या जेवणात (योहान १२:२) ती पुन्हा वाढते आहे, आणि तिला कोणी अडवत नाही. तेव्हा सेवा सोडण्याचा प्रश्न नाही. दोन गोष्टी सुटायला हव्यात : ओढाताण आणि एकटेपण.

एकटेपणापासून सुरुवात करा, कारण ते तसंच ठेवून शांत समय काढला तर तो आठ दिवसांत मोडतो. एक आठवडाभर मंडळीचं (चर्चचं) प्रत्येक काम वहीत लिहा आणि पुढे लागलेला वेळही लिहा. निरोपांचे फोन, चहाचं सामान आणणं, हजेरी लिहिणं हेसुद्धा. शनिवारी प्रत्येक कामासमोर एक खूण करा : हे मलाच करावं लागेल, हे दुसरीला शिकवून देता येईल, किंवा हे झालं नाही तरी कोणाचं अडणार नाही. मधल्या खुणेची कामं बहुधा सर्वांत जास्त निघतात. त्यांतली दोनच निवडा. एकदम पाच सोपवली तर पाचही परत तुमच्याकडेच येतील. पहिल्या आठवड्यात तुम्ही करा आणि तिला पाहू द्या, दुसऱ्या आठवड्यात ती करेल आणि तुम्ही बाजूला उभ्या राहा, तिसऱ्या आठवड्यात तिथे जाऊच नका. तिचं काम तुमच्यासारखं होणार नाही. चादर थोडी वाकडी अंथरली जाईल, ती तशीच राहू द्या.

प्रेषितांनी हेच केलं. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये विधवांच्या रोजच्या अन्नवाटपात कुरबूर झाली, तेव्हा सात जण नेमले गेले. मूळ भाषेत पंगतीच्या कामाला आणि देववचन शिकवण्याच्या कामाला तिथे एकच शब्द आहे : सेवा. एक वरची आणि एक खालची असा भेद तिथे नाही, फक्त माणसं वाटून दिली आहेत.

आता शांत समय. पहिल्या महिन्यात वीस मिनिटांच्या वर जाऊ नका. तासाचा नेम सोमवारी धरला की गुरुवारी तुटतो आणि मग अपराधीपणाच उरतो. जागा पलंगाची नको, खुर्ची किंवा पाट चालेल. पहिली दोन मिनिटं नुसतं बसा. मग आठ-दहा वचनांचा उतारा दोनदा वाचा, दुसऱ्यांदा सावकाश. जो शब्द अडवेल तिथे सात-आठ मिनिटं थांबा. विनंतीच्या प्रार्थनेत रोज तीनच नावं घ्या, म्हणजे सात दिवसांत एकवीस जणांसाठी प्रार्थना होते. सगळी यादी रोज घेतली की प्रार्थना कामाची यादी होऊन बसते. शेवटी दोन-तीन मिनिटं काहीही न मागता शांत राहा.

नेम बिघडतो तो ठरावीक ठिकाणी. मोबाईलवर शास्त्र (बायबल) उघडलं की वर संघाचा मेसेज दिसतो, म्हणून छापील शास्त्र घ्या. संडे स्कूलच्या धड्याची तयारी म्हणजेच आपला शांत समय असं मानलं जातं, आणि मग दुसऱ्यांसाठी शोधता शोधता स्वतःसाठी वाचणं राहून जातं. मध्येच एखादं काम आठवलं तर शेजारच्या कागदावर एका शब्दात लिहा आणि परत या. विचारांशी झगडत बसू नका. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५३५ साली आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थनेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने न्हाव्याचाच दाखला दिला आहे : वस्तरा चालवताना लक्ष गप्पांत गेलं तर गिऱ्हाइकाचं नाक नाहीतर गळाच कापला जाईल. वीस मिनिटं वस्तऱ्यावर लक्ष, एवढंच मागणं आहे.

प्रश्न : मी नर्स आहे, महिन्यात दहा-बारा रात्रपाळ्या येतात. सकाळी घरी येऊन शास्त्र उघडते आणि तिसऱ्या वचनाला झोप लागते. देवाला उरलासुरला वेळ देते आहे असं वाटतं.

उत्तर : रात्रपाळीवरून आल्यावर आधी झोपा. हा कमी श्रद्धेचा सल्ला नाही, १ राजे १९ मधला आहे. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही आणि प्रार्थनेलाही बसवलं नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं त्याच्या उशाशी होतं. तो खाऊन पुन्हा झोपला, पुन्हा उठवला गेला, पुन्हा जेवला, आणि मग चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचला. देवाची मंद वाणी त्यानंतर आली. हा क्रम लक्षात ठेवा.

तुमच्या दिवसाची सकाळ संध्याकाळी होते. तेव्हा शांत समयही तिथेच ठेवा : उठून आंघोळ झाल्यावर आणि ड्यूटीला निघण्याआधी पंधरा मिनिटं. एकच स्तोत्र आठवडाभर पुरवा. रोज नवा उतारा घेतला की थकलेलं डोकं नुसतं वाचत जातं.

पाळीत असताना वेगळा वेळ शोधू नका, असलेल्या कामाला प्रार्थना बांधा. साबणाने हात नीट धुवायला चाळीस सेकंद तरी लागतात. तेवढ्यात ज्या रुग्णाकडे निघाला आहात त्याचं नाव घेऊन एक वाक्य होतं. मात्र औषधाची मात्रा मोजताना, इंजेक्शन भरताना, चार्ट लिहिताना प्रार्थना नको. तिथे पूर्ण लक्ष देणं हीच त्या रुग्णाची सेवा आहे. पाळी सोपवताना तोंडी माहिती देऊन झाली की मनात एकदा म्हणा, "प्रभू, आता हे तुझ्याकडे आणि हिच्याकडे." घरी येऊन वॉर्ड डोक्यात फिरत राहतो तो बऱ्याचदा ही सोपवणी अर्धी राहिल्यामुळे.

आणि एक गोष्ट वेगळी ओळखा. सुटीच्या दिवसांतही झोप येत नसेल, दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्याला विश्वासातली ढिलाई म्हणू नका आणि कोणाला म्हणू देऊ नका.

प्रश्न : पाळक (पास्टर) म्हणून सात गावं सांभाळतो. आठवड्याची सुटी कागदावर आहे. फोन बंद ठेवला तर लोक दुखावतात. बारा वर्षं अशीच गेली.

उत्तर : पाळकसाहेब, रविवार हा तुमचा कामाचा दिवस आहे. त्यामुळे विसाव्याचा दिवस दुसरा हवा आणि तो मंडळीला माहीत हवा. सोमवार घ्या. पंचांच्या बैठकीत ठराव करून उपासनेत जाहीर करा. ही घोषणा तुम्ही स्वतः करू नका, पंचांपैकी कोणीतरी करावी. पाळकाने स्वतः सांगितलं की ती सवलत वाटते, पंचांनी सांगितलं की ती व्यवस्था होते.

त्या दिवशी मंडळीचा फोन मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांपैकी एकाकडे असावा. तीन कारणांसाठीच तुम्हाला बोलवायचं : मृत्यू, अपघात, किंवा कोणी शेवटच्या घटका मोजत असणं. दाखल्यावर सही, लग्नाची तारीख, दोन घरांतला वाद यांना मंगळवार आहे. एखादा सोमवार अंत्यविधीत गेला तर त्याच आठवड्यातला गुरुवार घ्या. 'पुढच्या आठवड्यात दोन दिवस घेऊ' हे कधी होत नाही.

मोशेचं काय झालं ते निर्गम १८ मध्ये आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक निवाड्यासाठी त्याच्यापुढे उभे. सासरा इथ्रो म्हणाला, अशाने तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. दुसरा भाग आपण विसरतो. एकाच माणसापुढे रांग लावून उभे राहणारे लोकही थकतात. इथ्रोने हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमायला सांगितलं आणि अवघड तेवढंच मोशेकडे ठेवलं. सात गावांत सात माणसं नेमणं हे तुमचं या वर्षीचं काम आहे. प्रत्येकाला घरभेट, आजाऱ्यासाठी प्रार्थना आणि उतारा वाचून चार वाक्यं बोलणं एवढं शिकवलं तरी पुष्कळ.

बाराव्या शतकातल्या क्लेअरव्हॉ मठाच्या बर्नार्डचा एक शिष्य पुढे पोप झाला, तिसरा यूजीन. कामाच्या ढिगाऱ्यात तो हरवेल या काळजीने बर्नार्डने त्याला सविस्तर लिहिलं : तू सगळ्यांचा झालास, तर त्या सगळ्यांत तूही येतोस, तुझ्या वाट्याला तूही ये. याच बर्नार्डचा दुसरा दाखला आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. पाट येईल ते पाणी लगेच पुढे सोडतो. हौद आधी भरतो आणि भरून वाहिलेलं देतो. मंडळीत पाट पुष्कळ आहेत आणि हौद थोडे, अशी त्याची खंत होती.

लोकांचं दुखावणं खरं आहे, ते दोन-तीन महिने सोसावं लागेल. मार्क १:३५–३८ पाहा. येशू पहाटे एकांती प्रार्थना करत होता. त्याचा शिष्य शिमोन शोधत आला : सगळे तुला शोधताहेत. येशू त्या गावात, कफर्णहूमला, परतला नाही, पुढच्या गावांना निघाला. कोणाला आज नाही म्हणायचं, हे त्याला त्या एकांतातून स्पष्ट होतं.

प्रश्न : तरुण संघातला आहे. शेजारच्या वस्तीत पाण्याचे हाल आहेत आणि आमची मंडळी दर शुक्रवारी दीड तास प्रार्थना करते. ही पळवाट नाही का?

उत्तर : असू शकते. यशया ५८ मध्ये देव नेमका असाच, कृतीविना केलेला उपास नाकारतो आणि भुकेल्याला भाकर, बेघराला घर मागतो. पण सभा बंद करू नका. दीड तासातली शेवटची वीस मिनिटं मागून घ्या. त्यात एकच घर किंवा एकच अडचण ठरवा, कोण दोघं जाणार आणि कधी, ते लिहा. पुढच्या शुक्रवारची सभा त्या दोघांच्या वृत्तांताने सुरू करा. पाण्यासाठी अर्ज लिहून ग्रामपंचायतीची पोच घेऊन येणं हेही जाणं आहे. एकट्याने जाऊ नका, येशूने दोघादोघांनाच पाठवलं. दौंड तालुक्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, दुष्काळातून आणलेल्या मुली शेती, विणकाम, छपाई शिकत होत्या, आणि १९०५ सालची आत्मिक जागृतीही त्याच आवारात झाली. तिथे गुडघे आणि हात एकाच अंगाचे होते.

प्रश्न : सेवा करणाऱ्या पंधरा जणांसाठी उपवासकाळात (ईस्टरआधीच्या दिवसांत) एक दिवसाचा एकांतवास ठेवायचा आहे. कसा आखावा? मागच्या वेळी तो दिवसभराची सभाच झाला.

उत्तर : सभा होते ती वक्त्यामुळे. बोलणाऱ्याला सकाळी पंधरा मिनिटं आणि दुपारी दहा मिनिटं, यापेक्षा जास्त देऊ नका, कितीही मोठा पाहुणा असो. त्याचं काम उतारा हाती देऊन बाजूला होणं.

शनिवार धरा, नऊ ते चार. आल्याबरोबर मोबाईल एका पिशवीत जमा करा. एकांतवासात नसलेल्या एका माणसाचा नंबर सगळ्यांच्या घरी आदल्या दिवशी द्या, म्हणजे घरच्यांना आणि यांनाही काळजी राहत नाही. सव्वानऊला उताऱ्याची ओळख. मार्क ६:३०–४६ सुचवतो. साडेनऊ ते साडेदहा प्रत्येक जण वेगळा बसेल : झाडाखाली, व्हरांड्यात, चर्चच्या बाकावर. न बोलता चहा. अकरा ते बारा तोच उतारा पुन्हा, नवा नको. बाराला मौनात जेवण. एक ते दोन झोप. होय, खरी झोप, सतरंज्या अंथरून. ही वेळ 'ऐच्छिक मनन' म्हणून लिहिली की सगळे संकोचाने बसून राहतात. सव्वादोनला पाऊण तास एकटं चालणं. तीनला गोल बसून ज्याला बोलावंसं वाटेल त्याने दोन-तीन मिनिटं बोलावं. कोणी कोणाला सल्ला देऊ नये. पावणेचारला प्रार्थना आणि निरोप.

जेवण साधं ठेवा. पंधरा जणांना सव्वा किलो तांदूळ आणि अर्धा किलो मूगडाळ यांची खिचडी, कढी आणि पापड पुरतात. दोन वेळच्या चहाला दोन लिटर दूध. पण रांधणार कोण, हा या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. आलेल्यांपैकी कोणीही चुलीपाशी जाता कामा नये. महिला संघ एकांतवासात असेल तर पुरुषांनी रांधावं, वाढावं आणि भांडी घासावीत.

उतारा मुद्दाम हा सुचवला आहे. "थोडा विसावा घ्या" एवढ्याच वचनावर आपण थांबतो. पुढे वाचा. विसाव्याची जागा गाठेपर्यंत लोक पायी धावत आधीच पोचले होते. येशूला त्यांचा कळवळा आला, त्याने शिकवलं, जेवू घातलं. आणि मग शिष्यांना त्याने तारवात बसवून पुढे पाठवलं, जमावाला निरोप द्यायचं काम मात्र स्वतःकडे ठेवलं. पुढे वारा उलटा फिरला तो भाग वेगळा. पण थकलेल्यांना आधी सोडून उरलेली गर्दी प्रभूने स्वतः आवरली, त्यानंतर तो डोंगरावर प्रार्थनेला गेला. स्वयंपाक करणाऱ्या पुरुषांनाही हा उतारा आदल्या दिवशी वाचून दाखवा.

बिघडण्याच्या जागा : शांततेची भीती वाटून कोणीतरी गाणं सुरू करतं, ग्रुपवर टाकायला फोटो काढले जातात, आणि "आलोच आहोत तर" म्हणून चार वाजता कमिटीची बैठक लागते. शेवटचं तर अजिबात होऊ देऊ नका. मौनात कोणाला रडू कोसळलं तर जवळ जाऊन बसायला एक समजदार व्यक्ती आधीच नेमा.

प्रश्न : सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर आहेत. सात महिने मी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) गेले नाही. पाप लागतं का? तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायला बसले तरी मध्येच उठावं लागतं.

उत्तर : नाही लागत. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २१८१ व्या परिच्छेदात आजारपण, तान्ह्या बाळांची देखभाल अशा गंभीर कारणांनी रविवारच्या मिस्साची सक्ती राहत नाही असं स्पष्ट आहे. पुढे २१८६ मध्ये आजारी, दुबळ्या आणि वृद्ध माणसांची सेवा हे रविवारचंच काम म्हटलं आहे. तुमच्या फादरना सांगून ख्रिस्तशरीर (मिस्सातला पवित्र प्रसाद) घरी आणण्याची व्यवस्था करा, सासूबाईंसाठी आणि तुमच्यासाठीही. त्याआधी एक तास काही न खाण्याचा नियम वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांना लागू नाही, त्यामुळे वेळ जुळवताना जिवाची घालमेल करून घेऊ नका.

प्रार्थनेतून उठण्याबद्दल संत व्हिन्सेंट दि पॉल यांचं सांगणं धरा. १६३३ साली सुरू झालेल्या त्यांच्या संघातल्या सिस्टर पहाटे चारला उठून प्रार्थना करत. त्यांनाच ते सांगत की गरीब रुग्णासाठी प्रार्थना सोडून जाणं म्हणजे देवासाठी देवाला सोडणं. पूर्ण तेर्स होत नसेल तर एकच दशक (जपमाळेतले दहा मणी) सासूबाईंच्या उशाशी मोठ्याने म्हणा. बोलणं थांबलेल्या माणसांनाही लहानपणीच्या प्रार्थना पुष्कळदा ओळखू येतात. अंथरुणाच्या जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. त्या वेळेला एक ओळ बांधून ठेवा, स्तोत्र २३ मधली चालेल.

आता मदतीचं. चार कुटुंबं, प्रत्येकाचा महिन्यातला एक रविवार, अडीच तास. तास मिस्साला, उरलेला वेळ तुमचा. त्यात बाजारहाट करू नका. पलंगाजवळ एक कागद लावा : औषध, वेळ, मात्रा, पाणी चमच्याने की कपाने, कूस कशी बदलायची, डॉक्टरांचा नंबर. मदतीला येणाऱ्याने पहिल्या रविवारआधी एकदा अर्धा तास येऊन सगळं पाहून जावं. पाहुणे येणार म्हणून घर झाडत बसू नका, त्यात तुमचा विसावा जातो. आणि पाळ्या लावण्याचं काम तुमच्याकडे नको. दोन महिन्यांनी एखाद्याची पाळी चुकते, आणि ज्याला गरज आहे तो पुन्हा मागायला संकोचतो. सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीतल्या किंवा धर्मग्रामातल्या (तुमच्या चर्चच्या परिसरातल्या) एकाने शुक्रवारी संध्याकाळी फोन करून खात्री करावी.

घरातल्या बाकीच्यांना बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातलं ५:१४ वाचून दाखवा. शब्बाथाची (विसाव्याच्या दिवसाची) आज्ञा तिथे घरधन्याला आहे, आणि तिचं कारणही दिलं आहे : तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा. घरात जो राबतो त्याला विसावा मिळतो की नाही, हे पाहणं घरधन्याकडे दिलं आहे. तुमच्या यजमानांनी कूस बदलायला आणि रात्रीचं औषध द्यायला या आठवड्यातच शिकावं. आठवड्यातली एक ठरलेली रात्र त्यांची. त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपा.